आढळ

बरणी उघडली की आधी वास येतो,
मग डोळ्यांत पाणी,
मग प्राणी.
फोर्टातल्या तळघरात अकरा वर्षं माझं हेच काम:
उडालेलं अल्कोहोल भरायचं,
झाकणाला पुन्हा लाख लावायची,
दोऱ्याला बांधलेला आकडा वहीत आहे का ते पाहायचं.

तीनशे सतरामध्ये ती दोघं होती.
एक कधीकाळी पिवळं,
आता चहा सांडलेल्या कागदाच्या रंगाचं.
दुसऱ्यावर तपकिरी ठिपके.
एका चिठ्ठीवर: उत्तर टोक.
दुसरीवर: दक्षिण उतार, फणसाखाली, फार ओल.
दोन्हींवर शेवटी: बेट.
बेटाचं नाव होतं तिथे
कसर जेवून गेलेली.

तळपदे मॅडम म्हणाल्या, वळ्या मोज.
मी टाचणीच्या टोकानं सरकत गेलो
जपमाळ ओढावी तसा.
एकशे नऊ.
पुन्हा मोजल्या. एकशे बारा.
मध्ये चहा आला, आकडा गेला.
डोळा कातडीखाली, परसातला दिवा पडद्यामागून दिसावा इतकाच.
डोळा आणि नाकपुडीमध्ये एक बारकं बोंड,
त्यानं ते चाचपत असणार सगळं.
शेपटी म्हणाल तर आहे.
साप नव्हे, गांडूळही नव्हे.
बेडकांच्या भाऊबंदकीतलं,
वाटणीत पाय गेलेलं.

गुहागरला याच्या जातभाईला देवगांडूळ म्हणतात.
नावात देव, तरी मामा फावड्यानं दोन करायचा.
दोन्ही तुकडे जरा वेळ वळवळायचे
आणि आम्ही पोरं भांडायचो,
एक मेलं की दोन?
मॅडम तेच विचारतात, फक्त हळू आवाजात:
ही एक जात, की दोन?

जुन्या कागदांत दोन होत्या.
कुणा साहेबानं ठिपकेवालीला वेगळं नाव दिलं.
दुसऱ्यानं ते काढून घेतलं,
कारण मधल्या डोंगरात
अर्धेमुर्धे ठिपके असलेली सापडली, ढिगानं.
काढून घेतलेलं नाव कुठे जातं?
वहीत. कंसात. बारीक अक्षरात.

"पण मॅडम, चिमूटभर मिठानं मरतं हे.
बेटावर पोचलं कसं?"
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ओंडक्यावर बसून, असं काहीजण म्हणतात.
नाहीतर ते गेलंच नसेल कुठे.
समुद्र आला असेल."

मी माझगावात राहतो.
तेही बेट होतं म्हणे.
भायखळ्यापर्यंत चालत जातो, पायाला कधी ओल लागली नाही.
आमच्याकडे समुद्र घालवला, दगडमाती टाकून.
उमरखाडीच्या नावात तेवढी खाडी राहिली,
तिच्यात आता पंक्चर काढून मिळतं.
मागल्या शिरगणतीला बाई दारात उभी: मूळ गाव?
आईनं गुहागर सांगितलं.
मी म्हटलं, माझं माझगाव लिहा.
बाईनं पेन वर धरलं:
मूळ विचारलं मी.

मॅडमचा अंदाज आफ्रिकेच्या कुशीतल्या एका बेटाचा,
जहाजावरच्या डॉक्टरनं आणून दिलं असेल इथे.
त्यांनी नकाशा पसरला,
पेन्सिल त्या निळ्यावर बराच वेळ तरंगत राहिली.
मी काही बोललो नाही.
मला वाटत होतं, इथलंच निघावं.
शिवडीच्या चिखलातलं, माझगावच्या टेकडीखालचं,
भरावाच्या आधीचं कुणीतरी.
पण वळ्या जुळत नाहीत इथल्या कुणाशी,
आणि वाटणं ही काही नोंद नव्हे.

आढळ या रकान्यात त्यांनी लिहिलं: बेट.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं, खोडलं, पुन्हा काढलं.
मी नवं अल्कोहोल ओतलं.
दोघं जराशी उचलली गेली,
एकमेकांवर कलली,
बसली.

घरी मुलगी माझे हात हुंगते.
आज कोण होतं, बाबा?
एक, मी म्हणतो.
साबण लावता लावता म्हणतो,
किंवा दोन.